बिऱ्हाड हलवताना

दुर्गापूर, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, सास्ती या कोळसा खाणींच्या वसाहतींत कुणाचे ना कुणाचे बिऱ्हाड हलतच असते. साठ वर्षे पुरी झाली की खाणीतला माणूस निवृत्त होतो आणि ज्या दोन खोल्यांत लेकरे लहानाची मोठी झाली त्या क्वार्टरची किल्ली परत करावी लागते. कुणी मूल-सावलीकडे गावी घर बांधतो, कुणी चंद्रपुरातच एखाद्या वॉर्डात प्लॉट घेऊन ठेवलेला असतो, कुणाला रमाई आवास योजनेचे घरकुल मिळालेले असते. घर लहान असो की मोठे, ज्यांच्या आजा-पणजांची वस्ती गावाच्या एका टोकाला ढकललेली होती त्यांच्यासाठी स्वतःच्या नावाचे छप्पर ही साधी गोष्ट नव्हे.

म्हणून माताभगिनींनो, बांधाबांध करताना भांड्याकुंड्यांच्या आधी एक काम करा. माळ्यावरची आणि पलंगाखालची जुनी पेटी खाली काढा आणि रद्दीवाला दारात येण्याआधी ती स्वतः उघडून पाहा. घर आवरताना पोरे म्हणतात, "हे कागद कशाला न्यायचे? फेका." आज्याचा उधई लागलेला शाळेचा दाखला वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यासोबत किलोच्या भावाने जातो. पुढे नात बारावी विज्ञान पास होते, इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला नंबर लागतो आणि जात वैधता समिती विचारते, पुरावा कुठे आहे?

अनुसूचित जातीसाठी आपल्या राज्यात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि रहिवासाचा पुरावा मागतात. म्हणजे बापाचा दाखला बहुधा पुरत नाही, आज्याचा किंवा पणज्याचा लागतो. प्राथमिक शाळेतला दाखल-खारीजचा उतारा, कोतवाल पंजीतली जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे जुने मिसल, पी-१ चा उतारा, यातले जे हाती असेल ते सोने समजा. काकाला किंवा चुलतभावाला वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल तर त्याचीही प्रत मागून ठेवा, फार कामी येते.

जुन्या कागदावर 'जिल्हा चांदा' लिहिलेले असते. आजची मुले ते वाचून दुसऱ्या कुठल्या गावचे समजतात. चांदा म्हणजेच चंद्रपूर. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, तोवर अहेरी, सिरोंचा, आरमोरी सगळे याच जिल्ह्यात होते. काही कागदांवर मध्य प्रदेश सरकारचा शिक्का दिसेल. त्यानेही गोंधळू नका. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली तेव्हा हा भाग मध्य प्रदेशातच होता. पुढे पंधरवड्यानेच, १ नोव्हेंबरला, विदर्भ मुंबई राज्यात आला.

आणखी एक बोलायचे आहे, थोडे अवघड आहे. आज्याच्या दाखल्यावर जुनी जात लिहिलेली असते, तो शब्द डोळ्यांना खुपतो. धम्म घेतलेल्या कित्येक घरांत असे कागद रागाने फाडले गेले. तो राग आम्हाला समजतो. जे सोडले ते पुन्हा घरात कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण 'बौद्ध' लिहिलेला नातवाचा दाखला आणि जुनी जात लिहिलेला आज्याचा दाखला, या दोन कागदांच्या साखळीवरच मुलांचा हक्क उभा राहतो. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले, चौतीस वर्षे समाजाला वाट पाहावी लागली. तो मिळालेला हक्क एका फाडलेल्या कागदापायी घालवू नका. तो कागद देव्हाऱ्यात ठेवायचा नाही, पेटीत ठेवायचा आहे.

हे सारे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि ती पेटी ट्रकमध्ये टाकू नका, घरच्या माणसाने मांडीवर घेऊन बसावे. मोबाईलवर फोटो काढून दोन-तीन नातेवाइकांकडे पाठवून द्या.

बाकी सामानाचे काय? बांधाबांध शिकायची तर मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या गोंडपिपरी, पोंभुर्णा, सिरोंचाकडच्या बायांकडून शिकावी. एक पेटी, तांदळाची बोरी, गंज, तवा आणि गोधडी, एवढ्यात त्या महिनोन्‌महिने संसार करतात. आपण मात्र फुटकी बादलीसुद्धा सोबत नेतो. जे वर्षभर वापरले नाही ते गरजूला देऊन टाका.

गावचे जुने घर मोडून सागाचे फाटे, बल्ल्या, चौकटी नव्या घरासाठी नेणार असाल तर सावध राहा. आपला मुलूख जंगलाचा आहे. वननाक्यावर ट्रॅक्टर अडवला आणि वाहतूक परवाना नसला तर स्वतःच्या बापाच्या घराचे लाकूडही संशयात सापडते. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा, घरटॅक्सची पावती सोबत न्या. हे काम एका दिवसात होत नाही, म्हणून महिनाभर आधीच लागा.

दिवस कोणता धरायचा? पंचांग पाहू नका. कॅलेंडरवर मुलांची परीक्षा कधी संपते ते पाहा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी हमालाला आणि म्हाताऱ्या माणसांना उन्हात उभे करणे हाच खरा अशुभ मुहूर्त. पहाटे चारला ट्रक भरा, नऊच्या आत उतरवून घ्या. लिंबू-मिरची आणि दारात फोडायचा कोहळा यांचे पैसे वाचतील, त्यात हमालांना पोटभर जेवू घाला.

तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा मऊ लुगड्यात गुंडाळा. काचेची फ्रेम आडवी ठेवू नका, उभी ठेवा. ओलीने काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढायला गेलात तर चेहराच निघून येतो, काचेसकट न्या. पुस्तकांसाठी लहान खोकी घ्या, मोठे खोके उचलणाऱ्याची कंबर मोडते. तळाशी कडुनिंबाची वाळलेली पाने टाका.

गृहप्रवेशाला भिक्खू मिळाले तर उत्तम, नाहीतर गावातले बौद्धाचार्य आहेत. त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना, जमल्यास परित्राण पाठ आणि शेजाऱ्यांना खीर. कर्ज काढून मंडप घालू नका, ग्रॅच्युइटीचा पैसा म्हातारपणाचा आहे.

नव्या घराचा ग्रामपंचायतीतला नमुना आठ हातात आला की त्यावर घरच्या बाईचे नाव आहे का ते बघा. नसेल तर लगेच अर्ज द्या. नवऱ्यांनो, तीस वर्षे तिने चूल सांभाळली म्हणून तुमची पाळी कधी चुकली नाही, हे विसरू नका. रेशनकार्ड आणि मतदार यादीतले नाव बदलण्याचे अर्जही त्याच आठवड्यात द्या.

राहायला जाण्याआधी पाणी तपासून घ्या. आपल्या जिल्ह्यात काही भागांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्याने लहान मुलांचे दात आणि मोठ्यांची हाडे जातात. लाल रंग दिलेल्या हातपंपाचे पाणी पिऊ नका. कित्येक दिवस बंद असलेल्या घरात विटा-लाकडांच्या ढिगाखाली साप असू शकतो, उजेडातच काठीने सारे हलवून पाहा.

पहिल्या रात्रीचे गाठोडे वेगळे बांधा आणि ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी चढवा, म्हणजे ते आधी उतरेल. त्यात मच्छरदाणी, टॉर्च, काडेपेटी, बी.पी.च्या गोळ्या, म्हाताऱ्यांचा चष्मा, शेरभर तांदूळ, डाळ आणि एक गंज. गडचिरोलीकडे जाणाऱ्यांनी मच्छरदाणी मुळीच विसरू नये, तिकडे हिवताप अजून गेलेला नाही.

क्वार्टरची किल्ली देताना लाईटबिल, पाणी यांची थकबाकी नसल्याचा कागद मागून घ्या. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून निघून जाऊ नका. साहेब नाहीत, उद्या या, असे सांगितले तर उद्या पुन्हा जा, पण तारीख टाकलेली पोच घेतल्याशिवाय किल्ली हातातून सोडू नका.