सवलत दुकानात, हक्कदार शेळगावात

खरेदीची सवलत दोन प्रकारे नाकारता येते. यादीत नावच घालायचे नाही, किंवा नाव घालून दुकान लांब ठेवायचे. आवश्यक सेवेतल्या माणसांच्या बाबतीत हे दोन्ही घडते.

सवलत कोणाला?
अशा सवलतीचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे लष्कराचे कॅन्टीन. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट १९४८ पासून आजच्या स्वरूपात चालते. त्याच्या खरेदीवरील जीएसटीचा निम्मा भाग सरकार परत करते. म्हणजे सवलतीचा भार सरकारी तिजोरीवर, पर्यायाने जनतेवर पडतो. केंद्रीय पोलीस दलांसाठीही २००६ पासून स्वतंत्र कॅन्टीन आहेत. सैनिकाचा हा हक्क रास्तच आहे.

२००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य योजनेतील आशा सेविका मात्र ‘स्वयंसेविका’ ठरते आणि अंगणवाडी सेविका ‘मानधनी’, म्हणून दोघीही सवलतीच्या यादीबाहेर राहतात. याच अंगणवाडी सेविकांना २०१८ मध्ये राज्य सरकारने मेस्मा, म्हणजे संपाला मनाई करणारा अत्यावश्यक सेवा कायदा, लावला होता. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली. संप रोखताना सेवा अत्यावश्यक आणि सवलत देताना ऐच्छिक, हा न्याय नव्हे.

काउंटरची अट
यादीत नाव असलेल्यांनाही सवलत सारखी मिळत नाही. इंदापूर तालुक्यातील शेळगावहून पुणे शंभर किलोमीटरपेक्षा लांब आहे. समजा, एखाद्या माजी सैनिकाला पुण्याचेच कॅन्टीन गाठावे लागले. दोन हजारांच्या किराण्यावर दहा टक्के सूट धरली, तर वाचतात दोनशे रुपये. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरला मोटारसायकल चार लिटर पेट्रोल पिते. लिटरला शंभर रुपये धरले तरी चारशे जातात. दिवस मोडतो तो वेगळा. पुण्यात राहणाऱ्याच्या हाती तेच दोनशे जवळजवळ पूर्ण पडतात. गुडघे दुखणाऱ्या वृद्धेला किंवा वीरपत्नीला तर कार्ड असून नसल्यासारखे.

आक्षेप आणि उत्तर
माल दुसऱ्याच्या नावावर उचलला जाईल, म्हणून समक्ष हजेरी हवी, असे सांगितले जाते. पण खरेदीला कार्ड लागते आणि महिन्याची मर्यादाही असते. शिवाय मोटार, दुचाकी, फ्रिज अशा महाग वस्तूंची मागणी जानेवारी २०२१ पासून ऑनलाइन नोंदवता येते. मोटारीची मागणी घरबसल्या चालते, तर साबण-तेलाची का चालू नये?

दुसरा आक्षेप गावातल्या दुकानदाराच्या पोटाचा आहे, आणि तो खरा आहे. त्यावरचा उपाय म्हणजे सवलत त्याच्याच दुकानात आणणे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत धान्याचा हक्क एका दुकानाला बांधलेला नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट मिळते, तेही वाहक गाडीतच फाडतो. गॅसचे अनुदान २०१५ पासून थेट खात्यात जमा करण्याची पद्धत देशभर लागू झाली. हक्क माणसापर्यंत नेता येतो, हे या तिन्ही योजनांत दिसते.

मागण्या
१. ज्यांना मेस्मा लावता येतो, त्या सर्वांना सवलतीच्या यादीत स्थान मिळावे. आशा सेविकांचाही समावेश व्हावा.
२. किराण्याची मागणी फोनवरून नोंदवून माल तालुक्याच्या ठिकाणी मिळावा.
३. जिथे माल पोहोचत नाही, तिथे सवलतीइतकी रक्कम खात्यात जमा व्हावी किंवा गावच्या दुकानात वळती करता यावी.
४. वृद्ध, अपंग आणि वीरपत्नी यांच्या वतीने नोंदणीकृत नातेवाइकाला खरेदी करता यावी.