सवलत नेमकी कशावर?



इंदूरच्या पलासियातल्या आउटलेटमध्ये ब्रँडेड कपडे निम्म्या दरात मिळत असताना राजवाड्याजवळच्या बाजारांच्या गर्दीत घासाघीस कशाला, असे गेल्या अंकातील पत्रलेखक विचारतात. पण निम्मे कशाचे? लेबलवरच्या एमआरपीचे म्हणावे, तर ती कमाल किंमत. त्या भावाने तो शर्ट कधी विकला गेला होता का, हे लेबल सांगत नाही. अमेरिकेत २०१४ साली काही खासदारांनी फेडरल ट्रेड कमिशनला पत्र लिहिले होते. त्यांची शंका अशी, की आउटलेटमधला पुष्कळसा माल उरलासुरला नसून खास तिथल्यासाठीच हलक्या दर्जाचा बनवलेला असतो.

क्लॉथ मार्केट, सीतलामाता बाजार इथे सगळे साधुसंत बसलेत असे नाही. गिऱ्हाईक पाहून भाव सांगणारे तिथेही आहेतच. तरी महेश्वरी साडीचा पदर उलगडून, पोत बोटांनी चाचपून घेता येतो.

राहिले 'विकलेला माल परत नाही' या पाटीचे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. आउटलेट असो वा पेढी, बिल मागून घ्या आणि जपून ठेवा.

– एक वाचक, पलासिया, इंदूर