शब्द तोडा, पण अर्थ सांभाळा

पेट्रोलच्या टँकरमागे ठळक अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले असते. बेंगळुरूच्या रिंग रोडवर अशा टँकरमागे गाडी थांबली आणि आतल्या शाळकरी मुलाने या शब्दाची फोड केली, तर तो सहज फसेल. ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे निष्क्रिय, ‘इनव्हिजिबल’ म्हणजे अदृश्य. मग ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे! खरा अर्थ नेमका उलट आहे: चटकन पेट घेणारे. येथील ‘इन’ नकारार्थी नसून ‘पेटवणे’ या अर्थाच्या मूळ लॅटिन क्रियापदाचाच भाग आहे. हा गैरसमज जिवावर बेतू नये म्हणून अग्निसुरक्षेच्या क्षेत्रात ‘फ्लेमेबल’ हा शब्द पसंत केला जातो.

नोकरीनिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुले मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत वावरतात. मराठीत समासाचा विग्रह शिकलेल्या मुलांना इंग्रजी शब्दांची फोड अवघड वाटू नये. ‘ट्रान्सपोर्ट’ या शब्दात ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे. हे एकदा कळले की ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘पोर्टेबल’ हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. मात्र फोड केल्यावर शब्दकोशात खात्री करून घ्यावी.

शब्दांमधल्या छोट्या आडव्या रेघेला, म्हणजे हायफनला, क्षुल्लक समजू नये. करारावर पुन्हा सही करणे म्हणजे ‘री-साइन’. पत्रात हायफन राहून गेला, तर तोच शब्द ‘रिझाइन’ होतो, म्हणजे राजीनामा! ‘रिकव्हर’ म्हणजे बरे होणे. सोफ्याला नवे कापड चढवायचे असेल, तर ‘री-कव्हर’ लिहावे. ‘ट्वेंटी टू-इयर-ओल्ड’ मुले म्हणजे दोन वर्षांची वीस मुले. पण हायफन ‘ट्वेंटी’ आणि ‘टू’ यांच्यामध्ये सरकला, तर एकेका वर्षाची बावीस मुले होतात.

ओळीच्या शेवटी जागा अपुरी पडली तर शब्द कोठे तोडावा? काही साधे नियम लक्षात ठेवावेत. ‘स्ट्रेंग्थ’सारखा एका उच्चारखंडाचा शब्द तोडू नये. ‘अबाउट’मधले पहिले ‘ए’ एकटे मागे ठेवू नये. जोडशब्द सांध्यावरच तोडावा. विशेषनामे आणि आकडे शक्यतो अखंड ठेवावेत. ‘लेजंड्स’ हा शब्द ‘जी’नंतर तोडला, तर वाचणाऱ्याला आख्यायिकांऐवजी आधी पायच दिसेल!

याबाबत इंग्रजांचे आणि अमेरिकनांचेही एकमत नाही. ‘नॉलेज’ हा शब्द जुन्या ब्रिटिश पद्धतीत ‘डब्ल्यू’नंतर तुटतो, कारण तेथे व्युत्पत्तीला मान असतो; अमेरिकेत उच्चाराप्रमाणे तो ‘एल’नंतर तुटतो. बेंगळुरूत परदेशी प्रकाशकांच्या पुस्तकांची अक्षरजुळणी होते. तेथे पुस्तक लंडनचे की न्यूयॉर्कचे, हे पाहूनच शब्द तोडावे लागतात. हे काम आता संगणक करतो. त्यासाठीची एक गाजलेली पद्धत फ्रँक लियांग यांनी 1983 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रबंधात मांडली. पण संगणकाला अर्थ कळत नाही. त्यामुळे अखेरची नजर माणसाचीच हवी.

नियमही बदलत असतात. ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ शब्दकोशाच्या 2007 च्या आवृत्तीत सुमारे 16,000 शब्दांमधले हायफन काढून टाकण्यात आले. ‘आइस-क्रीम’चे दोन सुटे शब्द झाले, तर ‘बम्बल-बी’ जोडून लिहिला जाऊ लागला.

म्हणून घरात इंग्रजीचा एक चांगला, अलीकडचा शब्दकोश असावा. अनेक शब्दकोशांत मूळ शब्दातच बारीक ठिपके दिलेले असतात. शब्द कोठे तोडता येतो, ते त्यावरून कळते. मुलांना रोज एक शब्द शोधायला सांगावे. तो कोठे तुटतो आणि तुटल्यावर त्याचा प्रत्येक तुकडा काय सांगतो, हे दोन्ही त्यांनी वहीत लिहावे. पाठांतराचा निम्मा भार आपोआप हलका होईल.