डिंक शेवटी द्या

चित्रकाराची ओळख म्हणून त्याच्या चित्राची झेरॉक्स मुलांपुढे ठेवायची आणि रंग भरून घ्यायचे, ही पद्धत आता थांबायला हवी. त्यातून नाव पाठ होतं, चित्रकार कळत नाही. म्हणूनच उपक्रम चित्रकाराच्या कामाच्या रीतीपासून सुरू व्हायला हवा.

फ्रेंच चित्रकार आँरी मातीसचंच घ्या. १९४१च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभं राहून रंगवणं अवघड झालं, तेव्हा त्याने कात्री जवळ केली. साहाय्यक कोऱ्या कागदांवर रंग चढवून देत. त्यातून तो थेट आकार कापी. तुकडे भिंतीला टाचण्यांनी लावून पुन्हा पुन्हा हलवले जात.

वर्गातही हाच क्रम ठेवा. तयार घोटीव कागद आणू नका. पोस्टर कलरने मुलांनाच कागद रंगवू द्या. ब्रशचे फटकारे दिसले तर फारच छान. पेन्सिली दप्तरात. कात्री स्थिर धरून कागद फिरवला की वळण सफाईने येतं, हे एकदा करून दाखवा. डिंक मात्र सर्वांत शेवटी. तोवर तुकडे सरकवत बसलेल्या मुलांना कृपा करून घाई करायला लावू नका. मातीसचं कापलेल्या आकारांच्या चित्रांचं १९४७चं पुस्तक ‘जाझ’ दाखवायचं असेल, तर ते त्यानंतर दाखवा.