विश्लेषण : ‘पायथन’ने पार्सर बदलला, पण वेगासाठी नव्हे, मग कशासाठी?

नवी प्रोग्रामिंग भाषा म्हटली की पहिला प्रश्न वेगाचाच येतो. कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, म्हणजे पार्सर, तोही वेगवानच हवा असे मानले जाते. ‘पायथन’चा अनुभव मात्र वेगळे सांगतो.

नेमके काय बदलले?

जुना पार्सर ‘एलएल (१)’ पद्धतीचा होता. पुढचा एकच शब्द पाहून तो कोणता नियम लागू होतो हे ठरवत असे. त्यात न बसणारे नियम आडमार्गाने बसवावे लागत. ऑक्टोबर २०२० मध्ये ३.९ आवृत्तीत ‘पेग’ पार्सर आला. भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम हे तो मांडणाऱ्यांपैकी एक. एक नियम जुळला नाही, तर हा पार्सर मागे येऊन दुसरा तपासतो.

वेग घटला का?

फारसा नाही. वेग आणि मेमरीचा वापर जुन्या पार्सरच्या १० टक्क्यांच्या आसपासच राहिला. शिवाय कोड एकदाच वाचला जातो, त्याचा बाइटकोड बनतो आणि लाखो वेळा फिरणारे लूप त्या बाइटकोडवर चालतात. म्हणूनच २०२२ च्या ३.११ आवृत्तीत सरासरी २५ टक्के वेग वाढला, तो प्रामुख्याने बाइटकोड चालवणाऱ्या भागात सुधारणा केल्यामुळे.

याला अपवाद ब्राउझरचा. तिथे पान उघडताना जावास्क्रिप्ट वाचावी लागते, त्यामुळे पार्सरचा वेग जाणवतो.

मग मिळाले काय?

३.१० मध्ये ‘मॅच’ ही रचना आली आणि चुकांचे संदेश सुधारले. पूर्वी कंस बंद करायचा राहिला, तर बऱ्याचदा पुढच्या बरोबर ओळीवर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ दिसे. आता कोणता कंस उघडा राहिला ते सांगितले जाते. चूक आढळली तरच पार्सर खास नियम घेऊन कोड पुन्हा वाचतो. बरोबर कोडला त्याचा भुर्दंड नाही.

कोडिंग शिकणारा विद्यार्थी काही मिलिसेकंद वाचले म्हणून भाषेत टिकत नाही. चूक कुठे झाली हे कळले, तर टिकतो. त्यामुळे इंटरप्रिटर लिहिणाऱ्यांनी आधी वेळ नेमका कुठे जातो ते मोजावे. तो पार्सरमध्ये जात नसेल, तर तिथली मेहनत चुकांचे संदेश सुधारण्यावर खर्च करणेच शहाणपणाचे.