तेरेखोलचा तट कोणाचा?

तेरेखोलच्या किल्ल्याचे हॉटेल झाले, याचा आम्हांस विषाद नाही. ओस वास्तू वटवाघळांच्या स्वाधीन होण्यापेक्षा तीत दिवा लागलेला बरा. परंतु सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेल्या, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतलेल्या आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकविलेल्या त्या किल्ल्यातील खोल्यांना नावे दिली ती आठवड्याच्या वारांची! जणू त्या वास्तूला सांगण्यासारखी एकही तारीख नव्हती. आमच्या देवस्थानांच्या अग्रशाळेत उतरणारा यात्रेकरू भाडे देतो ते खोलीचे. देवाचे अंगण काही त्याचे होत नाही. तेरेखोलचा तटही तसाच सर्वांस मोकळा हवा. सत्याग्रहीच्या नातवाने केरीहून नदी ओलांडून यावे, तर दरवाजात त्याला ‘खोली घेतली आहे काय?’ असे कोणी विचारता कामा नये.