दिलेला शब्द आणि मिळणारा भाव



दिवाळीत आम्ही नागपूरला, नंदनवनात, भाच्याकडे उतरलो होतो. गोष्ट उसावर आली तसा भाचा म्हणाला, "मामाजी, गुऱ्हाळवाला टनामागं जास्त देते, तेही रोख. नोंद कारखान्याकडे असली म्हणून काय झालं? तुमच्या एका ट्रॉलीनं कारखाना थोडाच बंद पडते!"

हिशेब चुकीचा नव्हता. घरात लग्न किंवा दवाखाना निघाला की रोख पैसा कोणाला नको असतो? कृत्य बरे की वाईट हे परिणामावरून ठरवावे, असे म्हणणारे बेंथम, मिल यांच्यासारखे विद्वान विलायतेत होऊन गेले. उलट जर्मनीच्या कांट यांनी १७८५ साली निराळाच प्रश्न घातला: मी करतो तेच सगळ्यांनी करायचे म्हटले तर? फेडता येणार नाही हे ठाऊक असून 'फेडतो' म्हणत कर्ज काढणारा, हे त्यांचेच उदाहरण. सगळेच तसे वागले तर शब्दावर कोण विश्वास ठेवील? लोकमान्यांनी 'गीतारहस्या'त (१९१५) ही दोन्ही मते तोलून पाहिली आहेत. नोंदीचा ऊस हाही दिलेला शब्दच आहे.

शब्दासाठी तोटा सोसल्याचे उदाहरण नागपूरकरांना दूरचे नाही. डिसेंबर १९२० मध्ये इथल्याच अधिवेशनात काँग्रेसने असहकारावर शिक्कामोर्तब केले. चळवळ ऐन भरात असता फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणे पेटवले, पोलीस मारले गेले. गांधीजींनी चळवळ थांबवली. तुरुंगातले मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय नाराज झाले. पण शब्द अहिंसेचा होता; तो मोडून मिळणारे यश गांधीजींना नको होते.

मात्र शब्द एकाच बाजूचा नसतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे, वेगळा लेखी करार नसेल तर, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. काटा चोख ठेवणे, नोंदीच्या क्रमाने तोड देणे हेही कर्तव्यच. "साखर विकली गेली नाही, थांबा," असे कारखान्याने म्हणणे आणि "एका ट्रॉलीनं काय होतंय" असे सभासदाने म्हणणे, आमच्या मते दोन्ही सारखेच. दोघेही आपापली सोय पाहून शब्द मोडतात.

तेव्हा नोंदीचा ऊस कारखान्यालाच घाला, तोडीला उशीर झाला तर शेतकी खात्यात जाऊन क्रम पाहा, आणि चौदा दिवस उलटले तर कार्यालयात येऊन हक्काने विचारा. ही सगळी आपलीच कामे आहेत.